शून्याचा रकाना
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

जेवणं आटोपून, भांडी घासून रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुम्हाला एका शून्याची गोष्ट सांगणार आहे. ते शून्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

मी तेव्हा एका द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापिकेचं काम पाहत होते. चार वर्ग, दोन खोल्या. दर वर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून एक लांबलचक पत्रक भरायचं आणि केंद्रप्रमुखांकडे द्यायचं. त्याला आम्ही ‘डायस’ म्हणायचो. खोल्या किती, फळे किती, पाण्याची सोय आहे का, मुली किती, मुलं किती. त्यातच एक तक्ता अपंग विद्यार्थ्यांचा असायचा. डोळ्यांचा दोष, कानांचा दोष, बोलण्याचा दोष, हातापायांचं व्यंग, मतिमंदत्व असे प्रकार, आणि समोर इयत्तावार रकाने. त्या वर्षी मी पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत शून्य, शून्य, शून्य लिहीत गेले. खाली सही केली, शिक्का मारला, मोकळी झाले.

आणि माझ्याच तिसरीच्या वर्गात एक मुलगी बसलेली होती. फळ्यावरचं तिनं कधी उतरवून घेतलं नाही, शेजारणीच्या वहीतलं घ्यायची. पुस्तक नाकाला टेकवून वाचायची. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ओढा ओलांडताना तिचा धाकटा भाऊ तिचा हात धरायचा, खरं तर तिनं त्याचा धरायला हवा होता. हे सगळं मला दिसत होतं. तरी मी शून्य का लिहिलं ते पुढं सांगते. आधी हा रकाना आला कुठून ते पाहू, कारण तो डायसपेक्षा फार जुना आहे.

आपल्या देशात इंग्रजांनी पहिली खानेसुमारी १८७२ साली केली. खानेसुमारी म्हणजे आजची जनगणना. माणसाच्या व्यंगाची विचारपूस तेव्हापासूनच सुरू झाली आणि १९३१ पर्यंत चालली. पुढं पुढं त्यात चार गट ठरून गेले: वेडे, जन्मापासून बहिरे-मुके, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आणि महारोगी. हे शब्द आज कानाला टोचतात, पण त्या कागदांवर तेच होते. एका पायानं लंगडणारी बाई, एका डोळ्यानं पाहणारा गडी, उशिरा शिकणारं पोर, ही माणसं त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मला वाटतं, तेव्हाच्या सरकारला रोगराईचा अंदाज हवा होता, या मुलांसाठी शाळा काढण्याचा विचार त्या मोजणीमागं नसावा. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा १८८० च्या दशकात निघाली, तीही ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकारानं.

त्या जुन्या अहवालांतली एक गोष्ट मात्र आपल्या घरातली वाटावी अशी आहे. खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवलंय की आकडे भरवशाचे नाहीत, कारण लोक लपवतात. लहान पोर बहिरं आहे हे आईबाप कबूल करत नाहीत, बोलेल उद्या म्हणतात. बाईला महारोग असेल तर घरचे तिचं नावच काढत नाहीत. आता तुम्हीच सांगा, दारात परका माणूस कागद घेऊन उभा, घरातला कर्ता पुरुष उत्तर देतोय, त्यानं ‘माझ्या पोरीला दिसत नाही’ असं का म्हणावं? तसं म्हणून त्याच्या पदरात काय पडणार होतं?

आकडे खोटे येतात म्हणून १९४१ ला तो प्रश्नच काढून टाकला. १९५१ ला नाही, १९६१ ला नाही, १९७१ ला नाही. देश स्वतंत्र झाला, पंचवार्षिक योजना आल्या, धरणं बांधली, पण अपंग माणसं किती हे घरोघर जाऊन कुणी विचारलं नाही. मधे काही ठिकाणी नमुना पाहणी झाली, तेवढंच. पुढं १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा जनगणनेत प्रश्न परत आला. पण कसा? पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके, एवढेच तीन प्रकार. त्या मोजणीत सगळ्या देशातून सुमारे ११ लाख माणसं निघाली. त्याच वर्षी सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनं जरा सविस्तर विचारलं, तर अंदाज निघाला सुमारे १ कोटी २० लाखांचा! देश तोच, साल तेच, सरकारही तेच. आणि १९९१ ला तर प्रश्न पुन्हा गायब.

२००१ ला तो आपसूक आला नाही, भांडून आणावा लागला. जावेद आबिदी नावाचे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारे एक कार्यकर्ते दिल्लीत होते. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारच्या मागं लागून, जनगणनेची तयारी जवळजवळ संपली असताना हा प्रश्न घालून घेतला. त्या वर्षी २ कोटी १९ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. २०११ ला २ कोटी ६८ लाख, त्यांतले २९ लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले.

आता जरा कान देऊन ऐका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००१ ला डोळ्यांचा दोष असलेले निघाले १ कोटी ६ लाख. दहा वर्षांनी निघाले ५० लाख. म्हणजे काय, अर्ध्याहून जास्त लोकांना दिसायला लागलं? आणि कानांचा दोष असलेले २००१ ला साडेबारा लाख होते, ते दहा वर्षांत ५० लाखांवर गेले. म्हणजे देश एकदम बहिरा झाला? यातलं फारसं काही घडलं नव्हतं, मुख्य म्हणजे व्याख्या बदलली होती. २००१ ला एका डोळ्यानं नीट पाहणाऱ्यालाही दृष्टिदोषात धरलं होतं. २०११ ला गणकांना सोपी परीक्षा दिली: चांगल्या उजेडात, दहा फुटांवरून हाताची बोटं मोजता येतात का? कानांचं उलटं झालं. २००१ ला यंत्र लावून ऐकू येणारा माणूस मोजायचा नाही असं होतं, २०११ ला तोही मोजायचा ठरलं. प्रश्न कसा विचारला त्यावर आकडा ठरतो, मैत्रिणींनो. गव्हाच्या चाळणीची भोकं बदलली की खाली पडणारं बदलतं, गहू तोच असतो.

आता शाळेकडे येऊ. कितीतरी वर्षं आपल्या गावच्या शाळेला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण अशी मुलं शाळेची नव्हेतच असं धरून चालले होते. ती समाजकल्याण खात्याची. शहरात एखादी अंधशाळा, एखादी मूकबधिर शाळा, नाहीतर घराचा कोपरा. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं सांगितलं होतं की जमेल तितक्या अपंग मुलांना साध्याच शाळेत घाला. १९७४ ला त्यासाठी केंद्राची योजना आली: पुस्तकं, गणवेश, प्रवासभत्ता, वाचून दाखवणाऱ्याचा भत्ता, शाळेत पोचवणाऱ्या सोबत्याचा भत्ता. पण गंमत बघा, शाळेत जाणाऱ्या मुलांची ही योजना सुरुवातीला समाजकल्याणाच्याच ताब्यात होती. शिक्षण खात्याकडे ती १९८२ ला आली.

१९९४ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे मराठवाड्यातल्या जिल्ह्यांना तो आठवत असेल. या कार्यक्रमाचा हिशेब ठेवायला दिल्लीतल्या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं १९९५ मध्ये एक पद्धत तयार केली, तीच आमची डायस. त्याच वर्षी अपंग व्यक्तींचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वं धरली आणि अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल असं लिहिलं. मग २००१ पासून सर्व शिक्षा अभियान आलं. कुठल्याही अपंग मुलाला शाळेनं परत पाठवायचं नाही हे त्यात ठरलं, आणि दर अशा मुलामागं वर्षाला १२०० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद झाली.

दर मुलामागं, हे शब्द लक्षात ठेवा. मूल कागदावर असेल तरच त्याच्यामागं तरतूद.

हे मला त्या वर्षी माहीत नव्हतं, हीच माझी चूक. पत्रक भरण्याआधी मी त्या मुलीच्या घरी गेले होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी म्हटलं, “अहो, पोरीच्या डोळ्यांचं काहीतरी आहे, सरकारी कागदात लिहावं लागेल.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “बाई, नका लिहू. एकदा कागदावर आलं की गावभर होतंय. उद्या तिच्या लग्नाला आडवं येईल.” मग थोड्या वेळानं हळूच विचारलं, “लिहिलं तर काय देणार हो तिला?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात रकाने कसे भरायचे ते शिकवलं होतं, रकाना कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर शून्य लिहिणं सोयीचंही होतं. आकडा लिहिला की मागून दहा प्रश्न येतात, दाखला आणा, फोटो आणा, यादी जोडा. शून्याला कुणी काही विचारत नाही.

काही महिन्यांनी तालुक्याला तपासणी शिबिर झालं. डॉक्टर आले, चष्मे दिले, कुणाला कानाचं यंत्र, कुणाला कुबड्या, कुणाला तीनचाकी. शाळांनी पाठवलेल्या आकड्यांवरून निरोप गेले होते. माझ्या शाळेला निरोप आला नाही. शून्य मुलांना कोण बोलावणार? मला ते शिबिर होऊन गेल्यावर कळलं. ती मुलगी चौथी कशीबशी पास झाली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, वाटेत तोच ओढा. ती गेलीच नाही. तिचं नाव गळतीच्या यादीत लागलं आणि कारणापुढं लिहिलं गेलं: ‘घरकाम’.

अशी मुलं थोडी नव्हती. २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वर्षांच्या अपंग मुलामुलींपैकी शंभरातली ६१ शिकत होती, आणि २७ जणांनी शाळेची पायरी कधी चढलीच नव्हती. उरलेली मधेच सुटलेली. माझी ती मुलगी कदाचित या तिसऱ्या गटात मोजली गेली असेल, कदाचित तिथंही तिच्या घरच्यांनी ‘काही नाही’ म्हटलं असेल.

आकड्याला पैसा चिकटला की तो फुगतोही, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकच बाजू सांगतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटाला शाई लावून. तेव्हा हजेरीपटावरची लाखो मुलं प्रत्यक्षात नव्हतीच असं निघालं. रॅम्पचंही तसंच. पत्रकात ‘रॅम्प आहे का’ असा प्रश्न असतो. आमच्या शाळेत होता, मी ‘होय’ लिहायची. इतका उभा होता की त्यावरून चाकाची खुर्ची चढवायची तर दोन गडी लागले असते. पावसाळा सोडला तर त्यावर पोषण आहाराच्या मिरच्या वाळायच्या.

पुढं कायदे झपाट्यानं बदलले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग मुलं त्यात स्पष्टपणे आली. खूप जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा हक्क मिळाला. २०१२-१३ पासून डायस जाऊन यूडायस आलं, पहिली ते बारावी एकाच पत्रकात. त्याआधी माध्यमिक शाळांचं पत्रक वेगळं असायचं, त्यामुळं मोठी झालेली मुलं या कागदावरून त्या कागदावर जाताना सांडून जात. २०१६ ला दिव्यांग हक्कांचा नवा कायदा झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून दिव्यांग मुलं ओळखायची, त्यांची गरज काय आणि ती कितपत भागतेय हे पाहायचं, असं त्याच्या सतराव्या कलमात लिहिलेलं आहे.

एकवीस प्रकारांत काय काय आलं बघा. स्वमग्नता आली. अध्ययन अक्षमता आली, म्हणजे पोर हुशार आहे पण अक्षरं उलटीसुलटी होतात. थॅलेसेमिया आला, सिकलसेल आला. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या बायांना सिकलसेल वेगळा सांगायला नको. अंग ठणकतं, पोर आठ आठ दिवस पडून राहतं, आणि हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागते. गुरुजी म्हणतात चुकारपणा करतो. त्या गैरहजेरीला आता शाळेच्या कागदात नाव आहे.

सगळ्यात मोठा बदल २०२२-२३ पासूनचा. तोवर शाळा फक्त आकडा कळवायची: दृष्टिदोष, तिसरी, मुली, एक. पुढच्या वर्षी तिथं शून्य आलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. आता यूडायसमध्ये प्रत्येक मुलाची वेगळी नोंद असते. मूल दिव्यांग आहे का, कुठला प्रकार, किती टक्के हे विचारलं जातं. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता यांची चाचपणी झाली का हेही विचारलं जातं. शिक्षकांना ओळखायला सोपं जावं म्हणून एनसीईआरटीनं ‘प्रशस्त’ नावाची प्रश्नांची यादी काढली आहे. आधी वर्गशिक्षक ती भरतात, मग विशेष शिक्षक पाहतात. एक मात्र ध्यानात ठेवा, ती यादी भरली म्हणजे मूल अपंग ठरलं असं नाही. ते डॉक्टरांचं काम, दाखला रुग्णालयातूनच मिळतो.

नावानिशी नोंद मला चांगली वाटते, आणि तिची धास्तीही वाटते. चांगली यासाठी की मूल गळालं तर ते दिसतं. धास्ती यासाठी की घाईत कुणी चुकीचा प्रकार लिहिला तर तो दर वर्षी पुढं पुढं जात राहतो. म्हणून आईनं ती नोंद एकदा डोळ्यांखालून घालावी. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावी.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येते: लिहिलं तर काय देणार? आज मला उत्तर माहीत आहे. समग्र शिक्षा योजनेत दर दिव्यांग मुलामागं वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, दहा महिने. मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेलची पुस्तकं. दहावी-बारावीला तासाला वीस मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. तिच्या लग्नाची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. गाव तेच आहे आणि बोलणारी तोंडंही तीच. पण कुठलं मूल कुठल्या रकान्यात आहे हे शाळेनं चारचौघांत सांगायचं नसतं, आणि हे मी त्या आईला चुलीपुढं बसून सांगू शकले असते.

तुमच्यातल्या कितीतरी जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. कायद्यानं त्या समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका. समितीच्या बैठकीत नावं न घेता विचारता येतं: आपल्या शाळेतून किती दिव्यांग मुलं कळवली? त्यांना मागच्या वर्षी काय काय मिळालं? शून्य असेल तर ते तपासून लिहिलं की माझ्यासारखं?

आणि मुलाबद्दल विचारायचंच असेल तर ‘पोर अपंग आहे का’ असं विचारूच नका. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली देशोदेशींच्या आकडेतज्ज्ञांचा एक गट वॉशिंग्टनच्या नावानं सुरू झाला. त्यांनी सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही बघायला त्रास होतो का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, ध्यान द्यायला? अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करायला? दुसऱ्याचं समजून घ्यायला, आपलं सांगायला? उत्तरं चार: त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. पुढं युनिसेफनं याच धर्तीवर खास मुलांसाठी प्रश्न काढले, तेही आईला विचारायचे. यात कुठं लाज वाटावी असा शब्दच नाही. त्या दिवशी मी जर म्हटलं असतं, “पोरीला फळ्यावरचं दिसायला थोडा त्रास होतो की खूप?” तर मला वाटतं ती म्हणाली असती, “खूप होतो, बाई.”

पुढची जनगणना २०२७ ला होणार असं सरकारनं जाहीर केलंय, तेव्हा गणक तुमच्या दारात येतील. शाळेचं पत्रक मात्र यंदाच आहे, ३० सप्टेंबरचा पट धरून. त्याआधी शाळेत जाऊन आलात तर आपल्या केंद्रावर फोन करून मला सांगा, तुमच्या गावच्या रकान्यात काय लिहिलेलं होतं.